गंध उडाला, पात्र उरले

संत्र्याचा हंगाम आला की वरूडच्या बाजारात पेट्यांच्या थप्प्या लागतात. बोली होते ती फळाची. आकार, रंग, साल आणि रस पाहून भाव वरखाली होतो. पेटीचा उल्लेख हिशोबात खर्चाच्या बाजूला एका ओळीत होतो आणि तेथेच संपतो. माल महत्त्वाचा, माल ठेवण्याचे साधन गौण, हा व्यवहाराचा साधा नियम आहे आणि रोजच्या जीवनापुरता तो खराही आहे. काळाची खतावणी मात्र उलट्या बाजूने लिहिली जाते. तिच्यात आतला माल आधी खर्ची पडतो आणि पात्र शिल्लक राहते. मोल कशाचे करावे, हा प्रश्न मग नव्याने उभा राहतो.

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण प्राचीन मिसर देशाने, म्हणजे आजच्या इजिप्तने, जगापुढे ठेवले आहे. कैरो, लंडन, पॅरिस आणि न्यूयॉर्क येथील संग्रहालयांत काचेच्या कपाटांमधून ओळीने मांडलेली लहान लहान दगडी पात्रे दिसतात. काही तळहातावर मावतील एवढी, काही त्याहून मोठी. कोणाचे पोट फुगीर व तोंड एका बोटापुरते, कोणाचा काठ रुंद व सपाट, कोणावर बेताचे झाकण. पिरॅमिड पाहून आलेला प्रवासी त्यांच्यापुढे फारसा थांबत नाही. पण या पात्रांत एके काळी काजळ, सुगंधी तेल, उटणे आणि मलम होते. ती एखाद्या स्त्रीच्या, पुरुषाच्या, राजकन्येच्या किंवा लेखनिकाच्या नित्य वापरातील वस्तू होती आणि मृत्यूनंतरही सोबत असावी म्हणून त्याच्या शवाजवळ ठेवलेली होती.

चैन नव्हे, गरज

प्रसाधन म्हटले की आज चैनीची कल्पना मनात येते. नाईल नदीच्या खोऱ्यात तसे नव्हते. प्रखर ऊन, उडणारी वाळू, कोरडी हवा आणि पुराच्या दिवसांत वाढणारे डोळ्यांचे विकार यांमुळे अंगाला तेल व डोळ्यांना अंजन ही अन्नवस्त्रांच्या जोडीची गरज होती. पुरुषही काजळ घालीत.

या गरजेचा एक लेखी पुरावा मोठा मार्मिक आहे. इ.स.पू. बाराव्या शतकात, राजा तिसरा रामसेस याच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी, राजांच्या थडग्यांचे खोदकाम करणाऱ्या कारागिरांनी वेतन थकल्यामुळे काम बंद ठेवले. जगाच्या इतिहासात लेखी नोंद असलेला हा सर्वांत जुना संप मानला जातो. इटलीतील तूरिन येथील संग्रहालयात असलेल्या पपायरसावर त्याची हकिगत आहे. कारागिरांच्या गाऱ्हाण्यांत भूक, तहान, कपडे, मासळी, भाजी यांच्याबरोबरच अंगाला लावायचे तेल मिळत नाही, हीदेखील तक्रार आहे. ज्या वस्तूसाठी श्रमिक काम थांबवितो, ती वस्तू शृंगाराची राहत नाही.

गरजेची वस्तू टिकवून ठेवणे हे मग ओघानेच आले. सच्छिद्र मातीच्या भांड्यात तेल झिरपते. उन्हात ते खवट होते. गंध उडून जातो. गुळगुळीत दगडाच्या जाड भिंतीत द्रव्य थंड राहते आणि झिरपत नाही. सुगंधी द्रव्ये ॲलाबास्टरच्या पात्रांत उत्तम टिकतात, असे पुढे इ.स. पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार प्लिनी यानेही नोंदवून ठेवले. तोवर ही रीत हजारो वर्षे रुळलेली होती.

दगडाचे पोट कोरण्याची विद्या

मिसरमधील ज्या दगडाला ॲलाबास्टर म्हणतात, तो वस्तुतः चुनखडीच्या कुळातील कॅल्साइट होय. पिवळसर पांढरा, आतून पट्टे असलेला, दिव्यासमोर धरला तर उजेड आरपार दाखविणारा. अमर्नाजवळच्या वाळवंटातील हतनूब ही त्याची प्रसिद्ध खाण. याखेरीज सर्पेन्टाइन, चुनखडी, बेसाल्ट, ग्रॅनाइटसदृश कठीण दगड आणि मध्य राज्याच्या काळात निळसर छटेचा ॲनहायड्राइट हेही वापरात होते. यांपैकी बेसाल्ट हा वऱ्हाडातील माणसाला परका नाही. आपल्याकडील विहिरींचे बांधकाम, पाटे आणि जाती ज्या काळ्या पाषाणाची असतात, तोच हा.

बाहेरून आकार देणे त्या मानाने सोपे. खरी कसोटी आतील पोकळीची. लोखंड त्या काळी हाताशी नव्हते. कारागिराजवळ होते तांबे, गारगोटी, वाळू, लाकूड आणि वेळ. लाकडी दांड्याच्या वरच्या टोकाला वजनासाठी दगड बांधीत आणि खालच्या टोकाला चंद्रकोरीच्या आकाराची गारगोटी बसवीत. हा दांडा हाताने फिरवीत राहायचे. कठीण दगडासाठी तांब्याची पोकळ नळी लावून तिच्याखाली वाळू घालीत. कापण्याचे काम तांबे करीत नसे, ते वाळूचे कण करीत. मधोमध उरलेला दांडा मोडून काढायचा, मग लांबट आकाराचे दगड आडवे बसवून मानेच्या खालचे पोट रुंद करायचे. तोंड बोटाएवढे आणि आत पोकळी लिंबाएवढी, असे पात्र घडविताना कारागिराला आतले काही दिसत नसे. हाताला जाणवणाऱ्या कंपावरच त्याची भिस्त. एक झटका अधिक बसला तर कित्येक दिवसांचे श्रम तडकून जात. डेनिस स्टॉक्स या ब्रिटिश संशोधकाने तशीच हत्यारे तयार करून दगडाची पात्रे कोरून पाहिली आणि ही पद्धत प्रत्यक्षात चालते, हे दाखवून दिले.

या विद्येला समाजात किती मान होता, याची साक्ष मिसरची चित्रलिपी देते. त्या लिपीत ‘कारागिरी’ या अर्थाचा शब्द लिहिताना जे चिन्ह काढीत, ते पात्र कोरण्याच्या याच गिरमिटाचे होते. सोनार, सुतार, शिल्पकार असे सर्व कसबी असताना कारागिरीचे प्रतीक म्हणून निवडला गेला तो दगडाचे पोट कोरणारा!

संख्येचाही विचार करण्यासारखा आहे. सक्कारा येथे राजा जोसर याच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडखालील भुयारांत सुमारे ४०,००० दगडी पात्रे सापडली. हा पिरॅमिड इ.स.पू. सत्ताविसाव्या शतकातील, म्हणजे गिझाच्या थोरल्या पिरॅमिडच्याही आधीचा. त्या पात्रांपैकी अनेकांवर जोसरच्या आधीच्या राजांची नावे आहेत. वाडवडिलांच्या काळातील पात्रे नव्या राजाने जपून आपल्याजवळ ठेवली, असा त्याचा अर्थ होतो. पात्र हा वारसा आहे, ही जाणीव इतकी जुनी आहे.

डबीवरील सूचना आणि डबीतील रसायन

डोळ्यांसाठी मिसरमध्ये दोन रंग होते. हिरवा रंग मॅलाकाइट या तांब्याच्या खनिजाचा आणि काळा रंग गॅलिना या शिशाच्या खनिजाचा. ही खनिजे दगडी पाटीवर वाटून घेत. अशा पाट्या सर्वांत जुन्या थडग्यांतही मिळतात. मिसरच्या एकीकरणाशी जिचा संबंध जोडला जातो, ती सुमारे इ.स.पू. ३१०० मधील नार्मर राजाची सुप्रसिद्ध शिल्पपाटी हेही काजळ वाटण्याच्या पाटीचेच मोठे, समारंभी रूप आहे. तिच्या मध्यभागी वाटण्यासाठीची वर्तुळाकार खोलगट जागा आजही दिसते. राज्याच्या जन्माची कथा कोरण्यासाठी त्या लोकांनी घरातील काजळाची पाटी निवडली, यावरून त्या साध्या वस्तूचे स्थान कळते.

काजळासाठी दगडाप्रमाणेच लाकूड, हस्तिदंत व वेत यांच्या नळ्याही असत. काही पात्रांना चार कप्पे असून त्यांवर मजकूर आहे. कोणते अंजन रोजचे, कोणते दृष्टीला हितकर, कोणते पुराच्या, कोणते पेरणीच्या आणि कोणते उन्हाळ्याच्या महिन्यांत वापरावे, हे तेथे लिहिलेले असते. आज औषधाच्या बाटलीवर सूचना छापलेली असते, तिचे हे पूर्वज म्हणावे लागतील.

आतील द्रव्याविषयीची माहिती तर आधुनिक शास्त्रज्ञांनाही चकित करणारी ठरली. फ्रान्समधील फिलिप वॉल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातील पात्रांत उरलेल्या चूर्णाचे पृथक्करण करून १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात गॅलिनाबरोबर लॉरिओनाइट आणि फॉस्जेनाइट हे शिशाचे दोन क्षार आढळले. निसर्गात ते अगदी दुर्मीळ. शिशाचे भस्म, मीठ आणि पाणी एकत्र करून, पाणी पुनःपुन्हा बदलीत कित्येक आठवडे ही क्रिया चालविली तरच ते तयार होतात. म्हणजे सुमारे ४,००० वर्षांपूर्वी हे लोक काजळासाठी द्रव्य मुद्दाम बनवीत होते. २०१० मध्ये याच संशोधकवर्गाने आणखी एक निरीक्षण मांडले. हे क्षार अत्यल्प प्रमाणात त्वचेच्या पेशींजवळ आले असता पेशी अधिक नायट्रिक ऑक्साइड निर्माण करतात आणि त्यामुळे रोगप्रतिकारशक्ती जागी होण्यास मदत होऊ शकते.

तथापि यावरून शिसे डोळ्यांना हितकर आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. शिसे हे विष आहे आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर ते विपरीत परिणाम करते, हे आज निर्विवाद आहे. बाजारात सुरमा म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांत आजही गॅलिनाच असते. अमेरिकेत अशा प्रकारच्या काजळाला प्रसाधनाचा रंग म्हणून परवानगी नाही. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ किंवा सुरमा घालू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. आजीने घरच्या दिव्यावर धरलेले काजळ आणि अनोळखी पुडीतील खनिजचूर्ण या दोन भिन्न वस्तू आहेत. पण बाळाच्या डोळ्यांपुरते बोलायचे तर तीट कपाळावर किंवा गालावर लावून माया व्यक्त करावी आणि डोळे मोकळे ठेवावेत, हे उत्तम. चार कप्प्यांच्या पात्रावर सूचना कोरणाऱ्या त्या प्राचीन माणसाकडून घ्यावयाचा धडाही हाच आहे. डबीत काय आहे, हे माहीत असल्याशिवाय ती डोळ्यांजवळ नेऊ नये.

चोरांनी काय नेले

नोव्हेंबर १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर यांनी तुतनखामेन राजाचे थडगे शोधून काढले, तेव्हा जगाचे डोळे सोन्यावर खिळले. परंतु हे थडगे त्यापूर्वी चोरांनी निदान दोनदा फोडले होते आणि तेही राजाला पुरल्यानंतर थोड्याच काळात. या चोरांनी धातूच्या वस्तू तर नेल्याच, पण दगडी पात्रांतील तेले आणि मलमेही उपसून नेली. ॲलाबास्टरचे जड कुंभ नेणे गैरसोयीचे, म्हणून आतील द्रव्य कातडी पिशव्यांत भरून घेतले आणि कुंभ तेथेच टाकले. एका पात्राच्या आतील बाजूस, चिकट मलम खरवडताना उमटलेले चोराच्या बोटांचे ठसे कार्टर यांना तीन हजारांहून अधिक वर्षांनंतर दिसले.

चोर मूर्ख नव्हते. बाजारभाव त्यांना पक्का ठाऊक होता. सोन्याच्या वस्तूवर राजाचे नाव असते, ती विकताना माणूस पकडला जाण्याची भीती. तेलावर नाव नसते. किंमत भरपूर, विक्री सोपी, पुरावा शून्य. कोणत्याही पेढीवरील मूल्यांकन करणाऱ्याने त्या दिवशी त्यांच्यासारखाच निर्णय दिला असता.

थोडे मलम मात्र शिल्लक राहिले होते. चॅपमन आणि प्लेंडरलीथ या रसायनशास्त्रज्ञांनी १९२६ मध्ये त्याचे पृथक्करण प्रसिद्ध केले. त्यात सुमारे ९० टक्के प्राण्यांची चरबी आणि सुमारे १० टक्के राळ किंवा तत्सम सुगंधी निर्यास असावा, असे त्यांना आढळले. मिसरमध्ये सर्वच तेले अशी नव्हती. एरंडाचे तेल वापरात होते आणि शेवग्याच्या कुळातील एका झाडाच्या बियांचे तेल तर सुगंधी द्रव्यांसाठी विशेष पसंतीचे होते. पण राजाच्या उशाशी ठेवलेले ते अमूल्य मलम आज कोणाला लावायला दिले तर तो नाक मुरडून दूर होईल. ज्याच्यासाठी चोरांनी जिवावर उदार होऊन भिंत फोडली, त्याची किंमत आज प्रयोगशाळेतील एका नमुन्याएवढी आहे. आणि जे कुंभ त्यांनी ओझे म्हणून मागे टाकले, ते पाहण्यासाठी देशोदेशींचे लोक रांगा लावतात.

भडोचच्या बंदरातून तेर-पैठणपर्यंत

ही कथा केवळ नाईलकाठची राहिली नाही. इ.स. पहिल्या शतकाच्या मध्यास मिसरमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहितीपुस्तिका लिहिली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. भडोच बंदरात काय खपते, याची यादी तो देतो. त्यात मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळी, काच यांच्याबरोबर डोळ्यांत घालण्याचे अंजनखनिज आहे आणि सुगंधी मलमही आहे. मलमाबद्दल मात्र तो आपल्या भाईबंदांना व्यापारी सल्ला देतो. ते फार महागाचे नेऊ नये आणि फार नेऊ नये. गिऱ्हाईक ओळखून माल भरण्याची ही दक्षता कोणत्याही काळच्या व्यापाऱ्याला पटेल.

याच पुस्तिकेत भडोचच्या दक्षिणेकडील दोन मोठ्या पेठा सांगितल्या आहेत. एक पैठण आणि दुसरी तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर. पैठणहून मौल्यवान दगड आणि तगरहून कापड गाड्यांवर लादून भडोचला जाई, असे तो लिहितो. सोपारा आणि कल्याण या बंदरांचीही नावे त्यात आहेत. महाराष्ट्राची ही जुनी शहरे नाईलकाठच्या बाजारपेठेशी अशी जोडलेली होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे हसमुख सांकलिया यांनी १९५४ पासून नेवासे येथे उत्खनन केले. त्यात भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडे मिळाले, तशाच अंजन घालण्याच्या शलाकाही मिळाल्या. प्रवरेच्या काठी राहणाऱ्या एखाद्या सातवाहनकालीन स्त्रीने ती शलाका ज्या अंजनात बुडविली ते विरून गेले. शलाका उरली.

अंजन आणि गंध यांचा वापर आपल्या भूमीत किती रूढ होता, याचा पुरावा शास्त्रग्रंथही देतात. दशवैकालिक सूत्राच्या तिसऱ्या अध्ययनात श्रमणांनी वर्ज्य करावयाच्या गोष्टींत गंध, माला, अंजन आणि अभ्यंग यांचा समावेश आहे. ज्याचा त्याग सांगावा लागतो, ते घराघरांत होते, असा याचा ऐतिहासिक अर्थ. आणि श्रमणाने जे अंजन आपल्या डोळ्यांसाठी नाकारले, तेच मूर्तिपूजक परंपरेत जिनबिंबाच्या प्रतिष्ठेच्या वेळी सुवर्णशलाकेने मूर्तीच्या नेत्रांना लावले जाते. त्या विधीचे नावच ‘अंजनशलाका’ आहे.

व्यापार एकमार्गी नव्हता. हिमालयातील जटामांसी भारतीय बंदरांतून पश्चिमेकडे जाई आणि तिच्यापासून तेथे अतिमूल्यवान सुगंधी तेल बनवीत. ख्रिस्ती शुभवर्तमानात एक स्त्री ॲलाबास्टरचे पात्र फोडून असे तेल येशूच्या मस्तकावर ओतते, असा प्रसंग आहे. त्या तेलाची किंमत ३०० दिनारांवर सांगितली आहे. त्याच ग्रंथात मळ्यातील मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार दिली आहे. म्हणजे एका लहानशा पात्रात जवळजवळ वर्षभराची मजुरी साठविलेली होती.

सोपाऱ्याचा उलटा हिशोब

येथवर एकच क्रम दिसला. आत मोलाचे द्रव्य, बाहेर त्याचे पात्र. द्रव्य गेले, पात्र उरले. परंतु महाराष्ट्राच्याच भूमीतून एक असा शोध लागला आहे की ज्याने हा क्रम मुळातच उलटा करून ठेवला.

एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याजवळील ‘बुरुड राजाचा कोट’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन केले. तो एक प्राचीन बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या मध्यभागी विटांच्या कोठडीत एक मोठी दगडी पेटी होती. तिच्यात तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती बसविलेल्या आठ लहान धातुमूर्ती होत्या. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा, अशी करंडकांची मालिका निघाली. सोबत सोन्याची असंख्य फुले होती. आणि सोन्याच्या त्या शेवटच्या डबीत काय होते? मातीच्या एका भांड्याचे बारीक तुकडे. ते भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे अवशेष म्हणून श्रद्धेने ठेवले गेले असावेत, असे मानले जाते. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने जपला आहे.

दगड, स्फटिक, चांदी आणि सोने येथे वेष्टन झाले आणि फुटक्या मातीचे पात्र हे द्रव्य झाले. बाजारात त्या तुकड्यांना कवडीचीही किंमत आली नसती. एखाद्या चोराने तो करंडक फोडला असता तर सोने घेऊन खापऱ्या फेकून दिल्या असत्या. पण ज्यांनी तो ठेवा रचला, त्यांनी मोल ठरविताना वस्तू कशाची बनली आहे हे पाहिले नाही. ती कोणाच्या हातात होती, हे पाहिले.

मराठीत ‘पात्र’ या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. पात्र म्हणजे भांडे आणि पात्र म्हणजे योग्य व्यक्ती. सुपात्री दान हा शब्दप्रयोग तेथूनच आला. सोपाऱ्याच्या त्या तुकड्यांत हे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत.

घरातील दगड

वऱ्हाडातील जुन्या घरांत अशी पात्रे अजून आहेत, पण ती झपाट्याने नाहीशी होत आहेत. चंदन उगाळण्याची सहाण, औषधी मुळ्या घोटण्याचा लहान खल, काळ्या पाषाणाचा पाटा, बाळंतिणीच्या खोलीतील मात्रा उगाळण्याचा दगड, पितळेची काजळाची डबी, मेण आणि कुंकू ठेवण्याचा करंडा, आरसा व फणी असलेली लाकडी फणेरपेटी. मेणाचे बोट कपाळावर टेकवून त्यावर कुंकू रेखण्याची रीत गेली, टिकली आली. मेण गेले आणि करंडाही गेला. मिक्सर आला आणि पाटा परसात पालथा पडला. त्याला टाकी लावणारी माणसे गावात येईनाशी झाली. मंदिरात केशर-चंदन उगाळण्याची सहाण तेवढी अजून रोज ओली होते.

वाडा पाडून इमारत उभी राहते, तेव्हा पितळ भंगारात किलोवर जाते आणि दगड मलब्यात जातो. वाटणीच्या कागदावर सोने ग्रॅममध्ये, जमीन हेक्टरमध्ये आणि ठेवी रुपयांत लिहिल्या जातात. सहाण कोणाकडे जावी, याची ओळ त्या कागदावर नसते, कारण तिला भाव नाही. त्या ओळीवाचून कोणाचे आर्थिक नुकसान होत नाही हे खरे. पण त्या सहाणेच्या मधोमध पडलेला खळगा तीन-चार पिढ्यांच्या हातांनी पाडलेला असतो. पणजीने मुलाच्या तापात चंदनाचा लेप त्याच दगडावर उगाळलेला असतो आणि वेखंड, हळकुंड, जायफळ यांचे वेढे त्याच पृष्ठभागावर फिरलेले असतात. असा खळगा विकत मिळत नाही आणि यंत्राने पाडताही येत नाही. मिसरच्या पात्रातील बोटांचे ठसे चोराचे होते, म्हणून त्यांची बातमी झाली. घरच्या सहाणेवरील ठसा आईचा असतो.

सर्वच जुने जपावे, असा याचा अर्थ नाही. घरे लहान झाली आहेत आणि अडगळ हीसुद्धा एक समस्या आहे. अपरिग्रहाचा संस्कार असलेल्या कुटुंबांना तर हे सांगायला नको. पण वस्तू टाकण्यापूर्वी तीन साधी कामे करता येतात. एक, ती कोणी आणली, कशासाठी वापरली, हे घरातील वडीलधाऱ्या माणसाला विचारून घ्यावे. दोन, ती माहिती दोन ओळींत लिहून वस्तूच्या छायाचित्रासह ठेवावी. तीन, एकच का होईना, वस्तू वापरात ठेवावी. कपाटातील सहाण दगड असते, आठवड्यातून एकदा चंदन उगाळले की ती पुन्हा सहाण होते. शालेय प्रकल्पासाठी नातवंडे विषय शोधतात, त्यांना घरातील पाच जुन्या पात्रांची नोंद करायला सांगावी. या कामाला पैसा लागत नाही. लागते ते सांगणारे माणूस, आणि ते मात्र कायमचे हाताशी नसते. दगड थांबतो. स्मृती ही पात्रातील गंधासारखी आहे. झाकण उघडे राहिले तर ती उडून जाते आणि मग मागे राहिलेल्या पात्राकडे पाहून, यात काय होते, असा प्रश्न पुढच्या पिढीला पडतो.

मिसरच्या राजांजवळ पात्रांवर नावे कोरणारे कारागीर होते, म्हणून ४,००० वर्षांनंतरही कोणते तेल कोणाचे, हे वाचता येते. सामान्य घरातील सहाणेवर कोणी नाव कोरीत नाही. ते नाव सांगणारी आजी अजून ओसरीवर बसलेली असेल, तर आजची संध्याकाळ त्यासाठी पुरेशी आहे.